तापलेली बाइक पुन्हा चालू होत नाही? या चुका टाळा

सकाळी पहिल्या किकला चालू. विक्रोळीहून दादरपर्यंत काही तक्रार नाही. दादरला पाच-दहा मिनिटांचं काम उरकून परत यावं, तर किक मारून मारून घाम फुटतो आणि गाडी ढिम्म. अर्ध्या तासाने मात्र काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. माझी 150 सीसीची कार्बोरेटरवाली (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) बाइक अख्खा मे महिना अशी वागत होती. त्या महिन्यात मी प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला, बॅटरी नवी टाकली. यातल्या कशातच बिघाड नव्हता.

सगळ्यात मोठी चूक मी रोज करत होतो: गाडी थंड होऊ देत होतो. इंजिन निवलं की बिघाड लपतो. ढकलत गॅरेजपर्यंत नेली, की मिस्त्री एक किक मारतो, गाडी चालू होते, तो प्लग पुसून देतो आणि आपण घरी येतो. त्याला तरी दोष कसा द्यायचा? आजार त्याच्या डोळ्यांसमोर आलेलाच नसतो. म्हणून तपासणी करायची ती गाडी बंद पडलेल्या जागी, इंजिन तापलेलं असताना. सीटखाली प्लग पाना, एक चांगला जादा प्लग आणि जाडसर फडकं ठेवा. पुलाच्या उतारावर किंवा वळणावर थांबू नका. आधी गाडी अगदी डाव्या कडेला, मागून येणाऱ्यांना लांबून दिसेल अशी घ्या.

छोट्या थांब्यानंतरच हे का होतं? चालत्या गाडीला वारा लागतो, कार्बोरेटरमधून सतत ताजं पेट्रोल वाहतं. इंजिन बंद केलं की हे दोन्ही थांबतं, पण सिलिंडरची धग तशीच असते आणि ती कार्बोरेटर, कॉइल, वायर यांच्यात शिरते. त्यामुळे बंद केल्यानंतरची पहिली काही मिनिटं हे भाग चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतात. मुंबईच्या उन्हात आणि सायनच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आलेल्या गाडीचं तर विचारूच नका.

आता करंट बघा, म्हणजे प्लगवर ठिणगी पडते का ते. पेट्रोल टाकीचं झाकण बंद आहे आणि कुठे पेट्रोल गळत नाही, याची खात्री आधी करा. मूळ प्लग काढू नका. प्लगची कॅप ओढून जादा प्लगला लावा, त्या प्लगची धातूची बाजू इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा. हात रबरी कॅपवरच राहू द्या. निळी, कडक, टचकन आवाज करणारी ठिणगी दिसली तर करंट ठीक. पिवळसर, मरतुकडी दिसली किंवा दिसलीच नाही, तर कार्बोरेटर उघडण्यात वेळ घालवू नका. दोन मिनिटांच्या या चाचणीने अर्धे संशयित बाजूला होतात. भर उन्हात ठिणगी नीट दिसत नाही, म्हणून अंगाची सावली करून बघा.

करंट आहे आणि तरी चालू होत नाही, तर पुढची नेहमीची चूक म्हणजे चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढणं. चोक थंड इंजिनासाठी असतो. तापलेल्या इंजिनात आधीच पेट्रोलची वाफ दाटलेली असते. चोक ओढला की प्लग ओला होतो आणि साधी अडचण मोठी होते. उलट करा: चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि सलग पाच-सहा किक मारा. जादा पेट्रोल बाहेर पडून गाडी उचलली, तर कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी (फ्लोट लेव्हल) आणि ती राखणारी निडल तपासून घ्या. सेल्फचं बटण दाबून धरत बसू नका. पाच सेकंदांवर नको, मध्ये थोडी उसंत द्या. नाहीतर बॅटरी उतरते आणि मूळ बिघाडावर दुसरा चढतो.

इंजिनावर बाटलीतलं पाणी ओतणारे लोक मी पाहिले आहेत. कृपया नको. तापलेल्या धातूला असा झटका बसला तर हेडला तडा जाऊ शकतो. ठिणगी येत नसेल आणि ओलं फडकं वापरायचंच असेल, तर टाकीखालच्या इग्निशन कॉइलवर (प्लगला करंट देणाऱ्या कॉइलवर) दोन-तीन मिनिटं ठेवा. तेवढ्याने गाडी चालू झाली, तर चोर जवळपास सापडला.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती टॅपेटच्या, म्हणजे इंजिनाचे वाल्व्ह दाबणाऱ्या भागातल्या फटीच्या सेटिंगच्या बाबतीत. इंजिनातून टिकटिक ऐकू आली की आपण मिस्त्रीला सांगतो, आवाज बंद कर. तो टॅपेट घट्ट करतो, गाडी शांत होते, आपण खूश. पण वाल्व्हची दांडी तापली की लांबते, आणि त्यासाठीच तिथे फट ठेवलेली असते. लहान एअर-कूल्ड इंजिनांत ती बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी असते. तेवढीही उरली नाही, तर तापल्यावर वाल्व्ह त्याच्या सीटवर (इंजिनातल्या बैठकीवर) पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, निसटतो. खूण सोपी आहे: थंड असताना किक जड लागते, तापल्यावर हलकी. याकडे काणाडोळा केला तर एक्झॉस्ट वाल्व्ह जळतो, कारण आपली उष्णता तो मुख्यतः सीटला टेकूनच सोडतो. टॅपेट रात्रभर उभ्या गाडीचेच, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून, मॅन्युअलमधल्या मापाने सेट करून घ्या. कानाने केलेलं सेटिंग मान्य करू नका.

एक बिघाड तापण्याचा वाटतो, पण तसा नसतो. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. धूळ, गंज किंवा वरून चढवलेलं रेक्झिनचं कव्हर यांनी ते बुजलं, की टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. थोड्या वेळाने हवा शिरते, गाडी चालू होते. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. फुस्स असा आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर भोक साफ करा, काम झालं.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषण नियमांच्या) बाइक बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल पंपाने फवारणाऱ्या आहेत, तिथे चोक-कार्बोरेटरचा विषय नाही. चावी फिरवल्यावर पंपाची बारीक घुर्र ऐकू येते का आणि इंजिनचा पिवळा दिवा विझतो का, एवढं बघून सर्व्हिस सेंटरला सांगा. तापमान सेन्सर चुकीचं सांगत असेल तर पेट्रोलचं माप चुकतं, आणि ते स्कॅनर लावल्याशिवाय कळणं कठीण.

माझ्या गाडीचं कारण अखेर अमर महलच्या पुलाखाली भर दुपारी सापडलं: ठिणगी शून्य. ओलं फडकं इग्निशन कॉइलवर ठेवूनही काही फरक नाही. मिस्त्रीला तेवढंच सांगितलं. त्याने मॅग्नेटचं (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकी चाकाचं) कव्हर उघडून पिकप कॉइलला, म्हणजे ठिणगी कधी पडायची हे सांगणाऱ्या कॉइलला, मीटर लावला. थंड असताना सुमारे 200 ओहम, अगदी व्यवस्थित. मग त्याने घरून हेअर ड्रायर मागवला आणि कॉइलवर गरम हवा सोडली. दोनेक मिनिटांत आकडा थरथरला आणि मीटरने सर्किट तुटल्याची खूण दाखवली. आतली तार तापून सुटत होती, निवली की पुन्हा जुळत होती. त्या संध्याकाळी नवी पिकप कॉइल बसली.