घरासाठी सौर पॅनेल बसवणारा विश्वासू कंत्राटदार कसा निवडावा?

गच्चीवर पाऊल न ठेवता, केवळ वीजबिलाचा फोटो मागवून किलोवॅटमागे दर सांगणाऱ्या कंत्राटदाराला काम देऊ नये. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, आणि पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली कोणत्या वेळी कुठे पडते हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय क्षमता ठरवताच येत नाही.

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्यासाठी कंत्राटदार योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणीकृत आणि पॅनेल, त्यातील सेलसह, देशी बनावटीचे असावे लागते. अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होत असल्यामुळे कोटेशनमध्ये ‘अनुदान वजा जाता’ अशी रक्कम न स्वीकारता पूर्ण किंमत लिहून घ्यावी.

नोंदणी म्हणजे कामाच्या दर्जाची हमी मात्र नव्हे. कंत्राटदाराने किमान दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले एखादे काम पाहायला जावे. सांगाड्याच्या नटबोल्टांना गंज चढला आहे का, पाय रोवलेल्या जागी स्लॅबला खालून ओल आली आहे का, हे नीट पाहावे. कोकणात तर खाऱ्या हवेमुळे जस्ताच्या लेपाची जाडी विचारलीच पाहिजे. त्या घरमालकाला एवढेच विचारावे, की इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) बंद पडला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला.

माझ्या मते प्रामाणिकपणा पारखण्याचा सर्वांत सोपा प्रश्न असा: ‘वीज गेल्यावर पॅनेलवर घर चालेल का?’ बॅटरी नसलेली, महावितरणच्या जाळ्याला जोडलेली यंत्रणा पुरवठा खंडित होताच स्वतःहून बंद होते, कारण तसे झाले नाही तर तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका पोहोचेल. जो हे आपणहून सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवायला हरकत नाही. एका किलोवॅटमागे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. सहा-सात युनिटांचे किंवा ‘बिल शून्य’ होण्याचे आश्वासन देणारा माणूस पावसाळाही विसरतो आणि बिलातील स्थिर आकारही.

कोटेशनवर पॅनेल व इन्व्हर्टरची कंपनी आणि मॉडेल, दोन्हींची वॉरंटी, पाच वर्षांची देखभाल आणि पॅनेल, इन्व्हर्टर व आकाशातून पडणाऱ्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांचे स्वतंत्र अर्थिंग यांचा स्पष्ट उल्लेख असावा. पंचवीस वर्षांची म्हणून सांगितली जाते ती बहुधा पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी असते. पॅनेलमधील दोषांची आणि इन्व्हर्टरची मुदत निराळी, पुष्कळदा बरीच कमी असते.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता नेट मीटर (जाळ्यातून घेतलेली आणि जाळ्याला दिलेली, अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर) बसून यंत्रणा प्रत्यक्ष सुरू झाल्यावरच द्यावा, कारण सांगाडा उभा राहिल्यानंतर रेंगाळते ते बहुतेक वेळा कागदपत्रांचे आणि मीटरचे काम.