मानक कपाटात, प्रोजेक्ट वाऱ्यावर: या चुका टाळा

चालू असलेला एक प्रोजेक्ट मध्येच माझ्याकडे सोपवला गेला, तेव्हा सोबत कागदपत्रांचा मोठा संच मिळाला. चार्टर (प्रोजेक्टला मंजुरी देणारा कागद), स्टेकहोल्डर रजिस्टर (प्रोजेक्टशी संबंधित लोकांची यादी), रिस्क रजिस्टर (संभाव्य धोक्यांची यादी), कम्युनिकेशन प्लॅन, सगळं जागच्या जागी होतं. रिस्क रजिस्टर उघडून शेवटच्या बदलाची तारीख पाहिली. काम सुरू झालं त्याच आठवड्यातली होती ती. पुढच्या सात महिन्यांत पुरवठादार बदलला होता, टीममधली दोन अनुभवी माणसं सोडून गेली होती, स्कोपमध्ये, म्हणजे ठरलेल्या कामाच्या व्याप्तीत, दोनदा भर पडली होती. रजिस्टरमध्ये यातलं काहीच नव्हतं आणि प्रोजेक्ट अकरा आठवडे मागे होता.

तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या वेळी मी एकच प्रश्न विचारतो: हा कोणता निर्णय घेण्यासाठी भरतोय? त्याचं उत्तर मिळत नसेल तर तो कागद बाजूला ठेवलेला बरा. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात, आणि व्यावसायिक संघटनांच्या कामातही त्याच चुका वेगळ्या रूपात भेटतात.

मार्गदर्शिकेलाच पद्धत समजणं

"आम्ही पीएमबॉक मेथडॉलॉजी वापरतो" हे वाक्य बैठकांत सर्रास ऐकू येतं. पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पीएमबॉक गाइड ही ज्ञानाची मांडणी आहे. पुढचा टप्पा कोणाच्या सहीने सुरू होणार, खर्च वाढला तर कोणाला आणि कधी सांगायचं, हे ती ठरवून देत नाही. ते तुमच्या संस्थेने ठरवायचं असतं. प्रिन्स२ ही मात्र खरोखर पद्धत आहे. प्रोजेक्ट बोर्डात कोण बसणार, टप्पा संपल्यावर पुढे जायचं की थांबायचं हे कोण सांगणार, किती फरकापर्यंत मॅनेजरने वर न विचारता काम चालवायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. आयपीएमए या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आयसीबी तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलते: हे काम करणाऱ्या माणसाच्या अंगी कोणत्या क्षमता असायला हव्यात. आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा २१५०२ हा प्रोजेक्ट मॅनेजमेंटवरचा मार्गदर्शनपर दस्तऐवज आहे. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकात जशा पूर्ण करायच्या अटी असतात तशा त्यात नाहीत, म्हणून कंपनीला प्रमाणपत्र देण्यासाठी तो लिहिलेलाच नाही. कोणी "आमची कंपनी २१५०२ सर्टिफाइड आहे" म्हणालं, तर ते कोणी दिलं आणि कशाच्या आधारावर दिलं, हे जरूर विचारा.

ही सरमिसळ झाली की पुढे काय होतं? टीम गाइडमधल्या सगळ्या प्रक्रियांची यादी करते, प्रत्येकीसाठी एक टेम्प्लेट तयार करते, आणि तीन महिन्यांच्या, पाच माणसांच्या कामावर तो सगळा भार टाकते. मग लोक टेम्प्लेट भरतात आणि खरं काम चॅटवर करतात. यावर उपाय म्हणून मी पहिल्याच आठवड्यात एक पान लिहून घेतो: मानकातलं काय घेतलं, काय सोडलं, का सोडलं. "का सोडलं" हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की क्वालिटी प्लॅन का नाही, तर उत्तर तयार असतं. कारण पटण्यासारखं नसेल तर ते तेव्हाच उघड होतं.

आवृत्तीचा घोळही याच जातीचा. पीएमबॉकची सहावी आवृत्ती २०१७ ची, तिच्यात ४९ प्रक्रिया आणि १० ज्ञानक्षेत्रं होती. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने ती मांडणीच बदलली आणि १२ तत्त्वं व ८ कार्यक्षेत्रं आणली. २०२५ मध्ये आठवी आली. कंत्राटात नुसतं "पीएमबॉकनुसार" लिहिलं तर दोन्ही बाजू आपापल्या डोक्यातली आवृत्ती धरून चालतात. आयएसओचं तर आणखी अवघड आहे. २०१२ चं २१५०० हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं मार्गदर्शन होतं. २०२० मध्ये त्याची जागा २१५०२ ने घेतली, आणि २०२१ मध्ये २१५०० हाच क्रमांक संदर्भ आणि संकल्पना सांगणाऱ्या वेगळ्या दस्तऐवजाला मिळाला. क्रमांक तोच, आतला मजकूर वेगळा. म्हणून मानकाचं नाव लिहाल तिथे वर्ष लिहाच.

रिस्क रजिस्टरमधली निरुपयोगी वाक्यं

इथे थोडं थांबतो, कारण प्रोजेक्ट वाचवण्याची सर्वांत स्वस्त संधी याच कागदात असते आणि तीच सर्वांत जास्त वाया जाते.

बहुतेक रजिस्टरमध्ये अशी नोंद सापडते: "डेटा मायग्रेशनमध्ये अडचणी येऊ शकतात. शक्यता: मध्यम. परिणाम: जास्त. उपाय: बारकाईने लक्ष ठेवणे." ही नोंद वाचून कोणालाच काही करता येत नाही. कशामुळे अडचण येईल ते माहीत नाही, आली तर काय बिघडेल ते माहीत नाही, आणि लक्ष कोणी ठेवायचं तेही नाही.

तीच नोंद कारण, घटना आणि परिणाम वेगळे करून लिहून पाहा: "जुन्या सिस्टिममध्ये ग्राहकांचे पत्ते तीन वेगवेगळ्या साच्यांत साठवलेले आहेत. त्यामुळे मायग्रेशनच्या वेळी बऱ्याच नोंदी नव्या सिस्टिमकडून नाकारल्या जाण्याची शक्यता आहे. तसं झालं तर त्या हाताने दुरुस्त कराव्या लागतील आणि गो-लाइव्ह (नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू होणं) दोन ते तीन आठवडे पुढे जाईल." आता कारण दिसतंय, म्हणून उपायही आपोआप दिसतो. पाच हजार नोंदी आधीच काढून चाचणी घ्या. नाकारलेल्या नोंदी दोन टक्क्यांच्या वर गेल्या तर पत्ते साफ करण्याचं काम लगेच सुरू करा. ते एका ठरावीक माणसाच्या नावावर टाका आणि तारीख लिहा. इथे "डेटा टीम" लिहू नका, माणसाचं नाव लिहा. टीमच्या नावावर टाकलेलं काम कोणाचंच नसतं.

दुसरी सर्रास दिसणारी चूक म्हणजे घडून गेलेली गोष्ट रिस्क म्हणून लिहिणं. पुरवठादाराने माल उशिरा पाठवला असेल तर तो इश्यू झाला, त्याची जागा इश्यू लॉगमध्ये. रिस्क म्हणजे अजून न घडलेलं. हा फरक पुस्तकी वाटतो, पण दोन्ही एकाच यादीत गेले की बैठकीचा सगळा वेळ लागलेल्या आगी विझवण्यात जातो आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्या संकटाकडे कोणी बघतच नाही.

रजिस्टर आठवड्याच्या बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत उघडा. शेवटी ठेवलं तर वेळ संपतो, आणि हे नेहमीच होतं.

"नव्वद टक्के झालंय"

काम किती झालं, असं विचारलं की माणूस मनातला आकडा सांगतो, आणि नव्वद टक्क्यांवर पोहोचलेलं काम तिथेच आठवडेच्या आठवडे अडकून राहतं. अर्न्ड व्हॅल्यूची, म्हणजे झालेल्या कामाचं मूल्य बजेटच्या हिशेबात मोजण्याच्या पद्धतीची, सगळी सूत्रं याच आकड्यावर उभी असतात, त्यामुळे पाया कच्चा तर वरचं सगळं कच्चं. छोट्या कामांना ०/१०० चा नियम लावा: पूर्ण झालं तरच गुण, नाहीतर शून्य. त्यापेक्षा थोडी लांब कामं असतील तर ५०/५०, म्हणजे सुरू झाल्यावर अर्धे आणि संपल्यावर उरलेले अर्धे.

एक साधं उदाहरण घेऊ. एकूण बजेट १०० एकक. झालेलं काम ४० एककांचं, प्रत्यक्ष खर्च ५०. सीपीआय (खर्चाच्या तुलनेत किती काम झालं ते सांगणारा आकडा) म्हणजे ४० भागिले ५०, ०.८. हाच वेग राहिला तर शेवटचा खर्च १०० भागिले ०.८, म्हणजे १२५ होईल. हे गणित सोपं आहे, पण ते चाळीस टक्क्यांच्या टप्प्यावर वरिष्ठांसमोर ठेवायला धीर लागतो. पुष्कळदा होतं असं की तो धीर न झाल्यामुळे बेसलाइनच (मंजूर झालेला मूळ आराखडा) गुपचूप बदलली जाते आणि रिपोर्टमधली लाल खूण हिरवी होते. बेसलाइन बदलायची असेल तर चेंज रिक्वेस्ट करा, मंजुरी घ्या, आणि जुनी बेसलाइन जपून ठेवा. दोन्ही आकडे समोर असले तरच झालेला बदल कळतो.

एसपीआय, म्हणजे वेळापत्रकाच्या तुलनेत किती काम झालं ते सांगणारा आकडा, त्याबद्दलही सावध राहा. कमावलेलं मूल्य भागिले नियोजित मूल्य असं ते गुणोत्तर आहे, आणि सगळं काम संपलं की दोन्ही मूल्यं सारखी होतात. म्हणजे वर्षभर उशिरा संपलेल्या प्रोजेक्टचाही एसपीआय शेवटी १ येतो. प्रोजेक्टच्या शेवटच्या एक तृतीयांश काळात हा आकडा सुधारताना दिसला तर हुरळून जाऊ नका. क्रिटिकल पाथवरच्या, म्हणजे लांबली तर सगळा प्रोजेक्ट लांबतो अशा, कामांच्या तारखा बघा.

सर्टिफिकेटच्या वाटेवरच्या चुका

पीएमपी या पीएमआयच्या सर्टिफिकेटची परीक्षा पीएमबॉकचं पाठांतर तपासते, असा समज खूप जणांना महागात पडतो. ती परीक्षा पीएमआयच्या एक्झाम कंटेंट आउटलाइनवर (परीक्षेत काय विचारलं जाईल याच्या आराखड्यावर) बेतलेली असते. तयारी सुरू करण्याआधी तो दस्तऐवज वाचा.

अर्ज भरताना दोन गोष्टी नडतात. एक म्हणजे एकाच वेळी दोन प्रोजेक्ट चालू असतील तर ते महिने एकदाच धरले जातात. दुसरी म्हणजे अनुभवाच्या वर्णनात कंपनी काय करते हे भरभरून लिहायचं आणि तुम्ही स्वतः काय केलंत ते एका ओळीत गुंडाळायचं. अर्ज ऑडिटला निवडला जाऊ शकतो आणि तेव्हा वरिष्ठांकडून दुजोरा लागतो. म्हणून अर्ज पाठवण्याआधीच त्यांच्याशी बोलून घ्या.

सर्टिफिकेट मिळाल्यावर दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणासाठी मिळणारे गुण) जमा करावे लागतात. शेवटच्या महिन्यात रात्री जागून वेबिनार ऐकणारी माणसं मी पाहिली आहेत. ६० पीडीयू भरतात, पण त्यातून हाती काही लागत नाही. आणि मुदत चुकली तर सर्टिफिकेट आधी वर्षभर निलंबित होतं, त्या काळात नावापुढे पीएमपी लावता येत नाही. तेही वर्ष गेलं तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

संघटनेत फक्त नाव नोंदवणं

पीएमआयचं सदस्यत्व आणि स्थानिक चॅप्टरचं (शाखेचं) सदस्यत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची वर्गणीही वेगळी. पहिलं घेतलं म्हणजे दुसरं आपोआप मिळत नाही. हे माहीत नसल्यामुळे पहिलं वर्ष निघून गेल्यावर "चॅप्टरकडून काहीच कळत नाही" अशी तक्रार येते.

चॅप्टरचं काम स्वयंसेवक करतात आणि तिथली सर्वांत मोठी चूक मला बोचते, कारण ती आपल्याच व्यवसायातल्या लोकांकडून होते. दिवसभर चार्टर आणि हस्तांतराबद्दल बोलणारी माणसं संध्याकाळी संघटनेच्या कामात यातलं काहीच करत नाहीत. वार्षिक परिषद ठरते, पण तिचा स्पॉन्सर कोण, बजेट किती आणि किती नोंदण्या झाल्या नाहीत तर ती रद्द करायची, हे कुठेच लिहिलेलं नसतं. सगळं दोन-तीन उत्साही माणसांच्या डोक्यात असतं. ती दमून बाजूला झाली की पुढच्या समितीला वक्त्यांची यादीही सापडत नाही.

समितीतल्या एखाद्याची स्वतःची ट्रेनिंग संस्था असेल तर ते सुरुवातीलाच सांगितलं जायला हवं, आणि तिला काम द्यायचं की नाही या चर्चेतून त्या व्यक्तीने उठून जायला हवं. पीएमआयच्या आचारसंहितेत जबाबदारी, आदर, न्याय्यपणा आणि प्रामाणिकपणा ही चार मूल्यं आहेत. ती परीक्षेसाठी पाठ केलेली असतात, पण खरा प्रश्न अशाच बैठकीत समोर येतो.

आणखी एक हातची जाणारी संधी म्हणजे मानकांचे मसुदे. पीएमआय आपले मसुदे अभिप्रायासाठी खुले करते. आयएसओमध्ये टीसी २५८ ही समिती हे काम पाहते आणि अभिप्राय आपापल्या देशाच्या मानक संस्थेमार्फत जातात. मानक व्यवहारात चालत नाही असं म्हणणारे पुष्कळ असतात, मसुदा वाचून लिहिणारे फार थोडे. लिहिणाऱ्यांपैकीही अनेकांचे अभिप्राय "हा भाग स्पष्ट नाही" एवढेच असतात, आणि समितीला त्यावर काही करता येत नाही. अभिप्रायात कलमाचा क्रमांक द्या, अडचण सांगा आणि त्या जागी कोणते शब्द हवेत तेही लिहा. शेवटची गोष्ट राहिली की अभिप्राय बहुधा फेटाळला जातो.

समितीतून बाहेर पडणार असाल तर महिनाभर आधी एक नोंद तयार करा. चालू करार, कुठे कोणते पासवर्ड आहेत, ज्या वक्त्यांना शब्द दिला आहे त्यांची नावं, गेल्या वर्षी कोणत्या गोष्टीला किती खर्च आला आणि कोणता कार्यक्रम फसला, का फसला, हे सगळं त्यात लिहा. मग नव्या माणसाला पहिला कार्यक्रम तुमच्या देखत करू द्या, आणि त्या दिवशी तुम्ही मागच्या रांगेत बसा.