ट्यूब्युलर टायर: ग्लू लावताय की टेप? या चुका टाळा

सायकलचा ट्यूब्युलर टायर रिमवर चिकटवायला ग्लू की टेप, या विषयावर जे सगळ्यात जोरात भांडतात, त्यांच्या रिमवरून एकदा बोट फिरवून बघा. बोट काळं निघतं. मग त्यावर ग्लू लावा, टेप लावा, नाहीतर देवाचं नाव घेऊन तसंच बसवा, निकाल सारखाच.

माझ्याकडे छत्रपती संभाजीनगरात चाकं घेऊन येणारी पोरं जालन्याची, बीडची, परभणीची. मोठे संघ ट्यूबलेसकडे वळल्यापासून ट्यूब्युलरची वापरलेली कार्बन चाकं स्वस्तात मिळायला लागलीत. चाक घरी आल्यावर कळतं की या रिमला टायर अडकवायला काठच नाही. टायर म्हणजे आत ट्यूब घालून शिवलेली गोल नळी, आणि ती रिमच्या उथळ खोबणीत चिकटवायची. हवा भरली की टायर रिमवर आवळून बसतो हे खरं, पण वळणावर आडवा जोर आला की त्याला धरून ठेवायचं काम ग्लूचं किंवा टेपचं.

रिम डिझेलनं धुणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

जालन्याकडचा एक पोरगा. मामाचं ट्रॅक्टरचं गॅरेज. सेकंडहँड ॲल्युमिनियमची चाकं आली, त्यावर आधीच्या मालकाच्या ग्लूचे ढेकूळ. पोरानं गॅरेजमधल्या डिझेलमध्ये चिंधी बुडवली आणि रिम अशी घासली की त्यात तोंड दिसावं. कोरड्या फडक्यानं पुसली. संध्याकाळी अख्खी ट्यूब ग्लू एकाच थरात पिळला, टायर चढवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांबरोबर वेरूळला निघाला. जाताना काही झालं नाही. सरळ रस्त्यावर आणि चढावर सहसा काही होतही नाही, म्हणून तर लोकांना वाटतं की आपलं काम पक्कं झालंय. परत येताना खुलताबादहून दौलताबादकडे घाट उतरायला लागला आणि एका वळणावर मागचा टायर रिमवरून आडवा सरकला. रिम डांबरावर, पोरगा कडेच्या मुरमात. समोरून एसटी येत नव्हती हे त्याच्या आईचं पुण्य. कोपर आणि ढोपर सोलून निघालं, हाड वाचलं.

चाक माझ्याकडे आलं तेव्हा राहिलेला टायर दोन बोटांनी निघाला. सगळा ग्लू टायरच्या तळाच्या कापडी पट्टीवर आणि रिम लखलखीत कोरी.

"कामून निघाला काका? ग्लू तर लई लावला होता."

"कशाला लावला होतास? रिमला की डिझेलला?"

डिझेल, रॉकेल, टर्पेंटाइन हे सगळे डाग काढतात आणि जाताना तेलाचा पातळ पापुद्रा मागे ठेवून जातात. डोळ्यांना रिम स्वच्छ दिसते, ग्लूला नाही. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत कातडी मऊ ठेवायला तेल घातलेलं असतं, सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन. दोन्ही नकोत. रंगाच्या किंवा केमिकलच्या दुकानातून साधं ॲसिटोन आणा, पांढरं सुती कापड घ्या, आणि कापड पांढरंच निघेपर्यंत पुसत राहा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ विडीकाडी नको. कार्बन रिमवर ॲसिटोन ओतत बसू नका, ओल्या कापडानं पुसून लगेच उडू द्या. नव्या ॲल्युमिनियम रिमलाही हे करावंच लागतं, कारण कारखान्यातलं तेल तिच्यावर असतं. पुसायच्या आधी मी ॲल्युमिनियमवर बारीक पॉलिश पेपर हलकासा फिरवतो.

टायर कुठल्याही कारणानं निघाला तर फेकून देण्याआधी बघा की चिकटपणा कुठे सुटला. ग्लू टायरवर आणि रिम कोरी, तर रिम तेलकट होती. ग्लू रिमवर आणि टायरची पट्टी कोरी, तर तुम्ही टायरला ग्लू लावलाच नव्हता, नाहीतर टेप दाबून बसवली नव्हती. ग्लू दोन्हीकडे आणि मधे तारा ओढल्यासारखा, तर तो ओला राहिला किंवा उष्णतेनं मऊ पडला. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. पोरं मात्र आधी ग्लूच्या कंपनीला शिव्या घालतात आणि मग टेप मागवतात, तीही त्याच रिमवर लावायला.

एका संध्याकाळी सगळं उरकणं

ग्लू पातळ थरांनी चढतो. रिमला दोन-तीन, टायरच्या पट्टीला एक-दोन, प्रत्येक थर नीट वाळल्यावर पुढचा. शेवटी रिमला एक अगदी पातळ थर आणि तो ओलसर असतानाच टायर. मी प्रत्येक थराला रात्र देतो. कोणी म्हणतं चार-सहा तासांत भागतं. भागत असेल, मला घाई नाही.

जाड थराचा घोटाळा आपल्याकडे जास्त होतो. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. अशा हवेत ग्लूमधलं द्रावक वरच्या वर उडतं आणि साय धरल्यासारखी कातडी येते. आतला ग्लू ओलाच राहतो. बोट लावलं तर वाटतं वाळला. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे, फरशीच्या खोलीत आणि पंखा बंद करून. पंखा चालू असला की धूळ उडते आणि चिकट रिमवर बसते, आणि आपल्याकडच्या वैशाखातल्या धुळीबद्दल मी काय सांगावं.

टायर आधी कोऱ्या रिमवर चढवून, हवा भरून, किमान एक दिवस ताणायला ठेवा. हे टाळणारे लोक मग ग्लूनं माखलेला आखडलेला टायर ओढताना दारातलं पायपुसणंसुद्धा चिकटवून घेतात. टायर चढल्यावर थोडी हवा भरून चाक फिरवा, खालची पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते का बघा, मग पूर्ण हवा भरा आणि एक दिवस चाकाला हात लावू नका.

उन्हाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 2003 च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत 14 जुलैला, गाप शहराकडे उतरताना, एकूण क्रमवारीत दुसरा असलेला होसेबा बेलोकी पडला. उन्हानं डांबर पाघळलेलं होतं, ब्रेक मारताना मागचं चाक अडकलं, टायर रिमवरून निघाला. मांडीचं हाड, कोपर आणि मनगट मोडलं. त्याच्या संघाकडे पगारी मेकॅनिक होते. आपल्याकडे मामाचं गॅरेज आहे.

रिमवर ब्रेक लागतो त्या सायकलींना उतारावर रिम तापण्याचा जादा त्रास. तापलेला ग्लू मऊ पडतो. म्हणून घाटात ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबा आणि सोडा. आणि कार्बन रिमसाठी कंपनीनं वेगळा ग्लू दिला असेल, जसा कॉन्टिनेंटल देते, तर तोच वापरा.

वेळ वाचतो म्हणून टेप घेणं

"काका, पोरं म्हणायलीत टेप लावली की लगेच काम होतंय."

होतं. टेपचा मी विरोधक नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टुफो किंवा कारोन्या ब्रँडची टेप चांगली चिकटते, हात खराब होत नाहीत, थरांची वाट बघावी लागत नाही. पण टेपमध्ये चूक सुधारायला जागा नाही. ग्लू ओला असताना टायर इकडे-तिकडे सरकवता येतो. टेपचा कागद ओढून काढला की जिथे बसला तिथे बसला. म्हणून आधी ताणून ठेवलेला टायर टेपला ग्लूपेक्षा जास्त लागतो, आणि नेमकं तेच घाईवाले करत नाहीत. कागद ओढताना टायरमध्ये अगदी थोडी हवा ठेवा आणि कागद रिमला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. झटका दिला की तो मधेच फाटतो, अर्धा टायरखाली राहतो, आणि मग सगळं काढून परत पहिल्यापासून.

टेपची रुंदी रिमप्रमाणे घ्या. अरुंद टेप मधेच चिकटते आणि कडा मोकळ्या राहतात. वळणावर जोर येतो तो कडांवरच. टेप लावायची रिम मी ग्लूच्या रिमपेक्षा जास्त बारकाईनं साफ करतो, कारण जुन्या ग्लूच्या ढेकळावर टेप बसली की त्याच्या शेजारी पोकळी राहते.

टेप घ्यायच्या आधी एक विचारा: पंक्चर झालं तर काय करणार? मराठवाड्यात हा प्रश्न आधी यायला हवा, बाकीचे नंतर. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला सराटे. कुंपणाला बाभळीच्या फांद्या नेणारी बैलगाडी पुढे गेली असेल तर तिच्या मागे काट्यांची रांग. आणि वेडी बाभूळ तर विचारूच नका. ट्यूब्युलरचं पंक्चर हायवेवरच्या दुकानात निघत नाही. तो बिचारा टायर पाण्यात बुडवतो, फेस दाखवतो आणि विचारतो, "ट्यूब कुठाय?" शिवण उसवून, ठिगळ लावून परत शिवावं लागतं, हे त्याला सांगितलं की तो चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

म्हणजे जादा टायर बरोबर हवाच. ग्लूवाल्या रिमवर मूळ ग्लू राहतो, आणि जादा टायरच्या पट्टीवर आधीच ग्लू चढवून वाळवलेला असेल तर तो घरी पोचण्यापुरता धरतो. टेपवाल्या रिमवरून टायर ओढला की बरेचदा टेपही फाटून येते, आणि नवा टायर कोऱ्या रिमवर नुसत्या हवेवर बसतो. म्हणून माझं सरळ मत: रोज बदनापूर-जालना रस्त्यावर एकटे जाणार असाल तर ग्लू. शर्यतीसाठी, मागे गाडी चालणार असेल आणि एरवी चाकं कपाटात राहणार असतील तर खुशाल टेप. जादा टायर ग्लूची बाजू आत घडी करून जुन्या मोज्यात ठेवा. रस्त्यात बदलल्यावर वळणं सावकाश घ्या, आणि घरी आल्यावर तो टायर काढून नीट चिकटवा. "धरलाय की" म्हणून तसाच आठवडाभर पळवणारेही मी बघितलेत.

बाकीच्या, थोडक्यात

चांभाराचं सोल्युशन, पंक्चरचं सोल्युशन, झटपट चिकटणारे थेंब: नाही, नाही आणि नाही. झटपटवाला कडक होतो, टायर वाकला की तडकतो. पांढरा लाकडाचा गोंद पावसात नरम पडतो.

आतली ट्यूब लेटेक्सची असेल तर तिच्यातून रात्रभरात हवा उतरतेच. ते पंक्चर समजून चांगला टायर उसवू नका.

मे महिन्यात सायकल बंद गाडीच्या डिकीत टाकून लग्नाला जाऊ नका. गेलात तर परत आल्यावर टायर तपासा.

तपासायचं कसं? सगळी हवा सोडा आणि अंगठ्यानं टायर आडवा ढकलत पूर्ण चाकभर फिरा. कुठे फट दिसली तर त्या चाकावर बसू नका. मी हे उन्हाळा लागताना आणि प्रत्येक शर्यतीआधी करतो.

पेट्रोल पंपावरचा हवेचा नळ या बारीक व्हॉल्व्हला थेट बसत नाही. जोडणीचा छोटा पितळी तुकडा खिशात ठेवा, आणि भरताना टायरवर छापलेला हवेच्या दाबाचा आकडा वाचा, पंपावरच्या पोराला विचारू नका.

टायर काढताना स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका, कार्बनला खाच पडते. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं सुरुवात करा, अंगठ्यांनी कड उचला, नाहीच निघाला तर लाकडी चमच्याचा दांडा घाला. आणि एवढा जोर लावावा लागला तर चिडू नका, तुम्ही मागच्या वेळी काम बरोबर केलं होतं.