कासच्या सड्यावर फुलं मोजताना

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, पहिल्यांदा चौकट घेऊन गेलो. चौकट म्हणजे पीव्हीसी पाइपचा एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन, त्यात सुतळीनं पाडलेली शंभर घरं. दिवसभरात वीस ठिकाणी टाकली. मॅडमनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, "उघडा कातळ एकाही चौकटीत नाही?" नव्हता. जिथं फुलं दिसली तिकडंच माझे पाय वळले होते. अख्खा दिवस पाण्यात.

दुसऱ्या खेपेला सड्याचे आधी तीन भाग केले: उघडा जांभा, पाणी साचणारे उथळ खळगे आणि जरा जास्त माती असलेले पट्टे. प्रत्येकात टेप अंथरायची, मोबाइलवर रँडम आकडा काढायचा, तो सांगेल तिथंच चौकट. पाठ करून ती मागं भिरकावणं म्हणजे रँडम नव्हे, हाताला दिशा माहीत असते. चौकट रिकामी निघाली तरी शून्य लिहायचं.

खरी पंचाईत पुढं आहे: मोजायचं काय? तेरड्याचं रोप सुटं दिसतं. सीतेच्या आसवांच्या निळ्या गालिच्यात एक रोप कुठं संपतं नि दुसरं कुठं सुरू होतं, कळतच नाही. तिथं आम्ही फुलांचे दांडे मोजले आणि तसं वहीत लिहून ठेवलं. गवत दाट असेल तर टक्केवारी घ्या, एक घर म्हणजे एक टक्का. चौकटीच्या काठावरची रोपं डाव्या आणि खालच्या बाजूची असतील तर मोजायची, उरलेल्या दोन बाजूंची सोडायची.

हिशेबात सगळेच गोंधळतात. समजा, 20 चौकटींपैकी 5 मध्ये मिळून गेंद या फुलझाडाची 200 रोपं सापडली. घनता चौकटीमागं 10, वारंवारता (किती चौकटींत सापडलं ते) 25 टक्के. पण विपुलता 40, कारण तिथं भागायचं फक्त गेंद सापडलेल्या चौकटींनी.

वन खात्याची लेखी परवानगी आधी काढा. 2012 पासून हे पठार जागतिक वारसा यादीत आहे. रोप उपटायचं नाही, फोटोवरून ओळखायचं. पाय शक्यतो दगडावरच. शनिवार-रविवार टाळा. पेन नको, पेन्सिल. पावसात शाई पसरते.

आणि फक्त फुललेलंच मोजू नका. टोपली कारवी साधारण सात वर्षांनी फुलते. मधल्या वर्षी गेलात तर झुडपं समोर उभी असूनही तक्त्यात तिच्यापुढं शून्य पडेल.