फवारणी करताना या चुका टाळा: विष नाकापेक्षा कातडीतून जास्त शिरतं

कपाशी छातीला लागली की खान्देशात फवारणीचा जोर वाढतो. तोंडाला रुमाल बांधला की काम झालं, असा समज अजून पक्का आहे. पण शेतातल्या फवारणीत विष अंगात जातं ते बहुतेक कातडीतून: उघड्या हातांतून, गळक्या पंपाने भिजलेल्या पाठीतून, ओल्या झाडांना घासणाऱ्या मांड्यांतून. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी आणि एकात एक मिसळलेली औषधं, ही कारणं तेव्हा पुढे आली. आपल्याकडची कपाशी तेवढीच वाढते आणि औषधंही तीच आहेत.

औषध कालवताना

सगळ्यात जास्त धोका बांधावर बादली मांडून बसतो तेव्हा असतो, कारण बाटलीतलं औषध पंपातल्या पाण्याच्या शेकडो पट कडक असतं. तिथेच माणूस हातमोजे काढून ठेवतो आणि हातानेच पाणी ढवळतो. कालवायला लांब काठी ठेवा. हातमोजे नायट्राइल रबराचे घ्या. कापडी मोजे औषध शोषून कातडीला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात लगेच धुता तरी येतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. वारा पाठीमागून येऊ द्या. भुकटी थेट पंपात टाकू नका, आधी थोड्या पाण्यात पातळ करून गाळणीतून ओता.

औषधासोबतच्या पत्रकावर नसलेलं मिश्रण करू नका. अळीचं, मावा-तुडतुड्याचं, बुरशीचं आणि वर टॉनिक, असं चार बाटल्यांचं एकच पाणी केलं तर विषबाधा झाल्यावर डॉक्टरांनाही कळत नाही की उतारा कशाचा द्यायचा.

मात्रा

लेबलवरची मात्रा हेक्टरी असते आणि दुकानात विचारलं जातं, 'पंपाला किती?' इथेच घोळ होतो. उदाहरण घ्या: कपाशीवरच्या बोंडअळीसाठी एमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी (पाण्यात विरघळणारं दाणेदार कीटकनाशक) हेक्टरी १९० ते २२० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यात. म्हणजे एकरी साधारण ८० ग्रॅम आणि २०० लिटर पाणी. १६ लिटरच्या पंपाला येतात ६.४ ग्रॅम. पेट्रोलवरच्या पंपाला एकरी पाणी कमी लागतं, समजा ७० लिटर; तरी एकरी औषध तेच ८० ग्रॅम. त्यामुळे १० लिटरच्या टाकीला ११ ग्रॅमच्या आसपास टाकावं लागतं. म्हणून आधी साधं पाणी भरून एक गुंठा फवारून बघा, किती लिटर गेलं ते मोजा आणि ४० ने गुणा. बाटलीच्या झाकणाने मोजू नका, झाकणं सारखी नसतात. मोजपात्र वेगळं ठेवा आणि ते घरात नेऊ नका.

नोझल तुंबलं तर

तोंडाने फुंकतात. ही सवय मोडलीच पाहिजे. ओठावर लागलेला थेंब सरळ पोटात जातो. पंप बंद करा, दाब सोडा, नोझल खोला, साध्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा. तार किंवा टाचणी घालू नका. भोक मोठं होतं आणि त्यापुढे प्रत्येक पंपाला औषध जास्त पडतं. एक जादा नोझल खिशात ठेवा. वारंवार तुंबत असेल तर पाणी न गाळल्याचा दोष आहे. तणनाशकाचा पंप कीटकनाशकाला वापरू नका, पानं करपतात.

सकाळी पहिल्यांदा साधं पाणी भरून पंप पाठीवर घ्या. झाकणाचा वॉशर, नळीचा जोड आणि ट्रिगर, या तीन जागा गळतात. पाठ ओली झाली तर पंप उतरवा, वॉशर बदला, मगच औषध भरा. पट्टा तुटलेला पंप दोरीने बांधून चालवू नका.

वारा, ऊन आणि केळी

फवाऱ्यात चालत शिरू नका. वाऱ्याला पाठ किंवा बाजू देऊन, दांडी बाजूला धरून, फवारलेल्या झाडांपासून मागे सरकत जा. रावेर-यावलकडे केळीच्या करप्यावर फवारताना पानं डोक्यावर असतात, थेंब चेहऱ्यावर गळतात; तिथे रुंद कडेची टोपी आणि चेहरा झाकणारी पारदर्शक काच लागते. दुपारच्या उन्हात घामाने कातडी औषध लवकर ओढते, म्हणून सकाळी किंवा सायंकाळीच फवारा. मध्येच तंबाखू मळू नका, बिडी ओढू नका. सालदाराकडून फवारून घेत असाल तर मोजे, बूट, मास्क देणं हे तुमचं काम आहे.

परवान्याच्या बाबी

पैसे घेऊन कीडनियंत्रण करायचं तर कीटकनाशक नियम १९७१ नुसार परवाना लागतो. त्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी आणि किमान १५ दिवसांचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण हवं. डाळमिल आणि मक्याच्या गोदामांत धान्यातली कीड मारायला वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडला तर हे फार कडकपणे लागू आहे. त्याची ३ ग्रॅमची गोळी १ ग्रॅम फॉस्फीन हा विषारी वायू सोडते. कापडी मास्क त्याला अडवत नाही. गोळ्या ओल्या करू नका आणि माणसं झोपतात त्या भिंतीला लागून धुरीकरण करू नका.

ऊन लागलं की विष चढलं?

फवारणी करून आलेला माणूस गरगरतो, आणि ऊन लागलं समजून घरचे त्याला ताक पाजून झोपवतात. बघा: तोंडाला लाळ, भरपूर घाम, उलटी, डोळ्यांतून पाणी, बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक, स्नायूंची थरथर. ही ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट या कीटकनाशक गटांच्या विषबाधेची खूण आहे. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, डोळे पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, १०८ ला फोन करा. उलटी काढायला लावू नका, दूध-तूप देऊ नका. बाटली किंवा लेबल सोबत दवाखान्यात न्या. अ‍ॅट्रोपिन हा उतारा दोन्ही गटांवर चालतो, पण प्रॅलिडॉक्झिम ऑर्गॅनोफॉस्फेटसाठी असतं; पॅराक्वाट तणनाशकावर तर उताराच नाही. बाटली हातात आली की डॉक्टरांचा अंदाज बांधण्यात जाणारा वेळ वाचतो.