पिक्टन खटल्यावर लिहायचंय? आधी आकडे वेगळे करा

रॉबर्ट पिक्टनचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “४९ बायकांचे खून करणारा कॅनडाचा डुक्करपालक.” न्यायालयात सिद्ध झाले ते ६ खून. म्हणून लिहायला बसण्याआधी कोऱ्या कागदावर सगळे आकडे मांडा आणि प्रत्येकापुढे तो कुठून आला ते लिहा.

४९ हा त्याचा स्वतःचा दावा, कोठडीत सोबती म्हणून ठेवलेल्या साध्या वेशातल्या पोलिसापुढे केलेला. २७ हे एकूण आरोप. त्यातला एका ओळख न पटलेल्या स्त्रीच्या खुनाचा आरोप न्यायालयाने फेटाळला, उरले २६. इतका पुरावा एकाच ज्यूरीला झेपणार नाही म्हणून न्यायाधीश जेम्स विल्यम्स यांनी ६ आणि २० अशी विभागणी केली. खटला चालला तो फक्त ६ चा. उरलेले २० आरोप ऑगस्ट २०१० मध्ये स्थगित झाले. स्थगिती म्हणजे निर्दोष सुटका नव्हे आणि दोषसिद्धीही नव्हे. त्या वीस जणींबाबत ‘आरोप होता’ एवढंच लिहा.

मग शिक्षा. इथे आपल्याकडचे लोक सर्वांत जास्त चुकतात. ९ डिसेंबर २००७ ला ज्यूरीने फर्स्ट डिग्री, म्हणजे आधी योजून केलेला खून, मान्य केला नाही. सहाही खुनांत सेकंड डिग्रीसाठी, म्हणजे हेतुपुरस्सर पण आधी न योजलेल्या खुनासाठी, दोषी ठरवलं. दोन्हींत जन्मठेपच होते. सेकंड डिग्रीत पॅरोल किती वर्षं मागता येणार नाही, हे १० ते २५ च्या दरम्यान न्यायाधीश ठरवतात. इथे पूर्ण २५ लावली. त्यामुळे ‘२५ वर्षांची शिक्षा’ हे चूक, ‘जन्मठेप, २५ वर्षं पॅरोल नाही’ हे बरोबर. ही वर्षं निकालापासून नव्हे, अटकेपासून मोजतात. अटक २२ फेब्रुवारी २००२ ची, म्हणजे पूर्ण पॅरोल २०२७ मध्ये. दिवसाचा पॅरोल (दिवसा बाहेर, रात्री परत) त्याच्या तीन वर्षं आधी मागता येतो, म्हणून त्यासाठी अर्ज करायची मुदत २०२४ मध्येच आली. त्याच वर्षी मे महिन्यात क्यूबेकमधल्या पोर्ट-कार्टिए तुरुंगात दुसऱ्या कैद्याने त्याच्यावर हल्ला केला आणि ३१ मे रोजी तो मेला. फाशी का नाही, असं वाचक विचारतीलच: कॅनडाने खुनासाठी फाशी १९७६ मध्येच रद्द केली.

निकालपत्र मुळातूनच वाचा. कॅनली या मोफत संकेतस्थळावर 2010 SCC 32 एवढं टाकलं की कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर येतो. घटनाक्रम वाचून झाला की थेट ज्यूरीच्या प्रश्नावर या. विचारविनिमयाच्या सहाव्या दिवशी ज्यूरीने विचारलं होतं: आरोपीने अप्रत्यक्षपणे कृत्य केलं असा निष्कर्ष निघाला, तरी खून त्याने केला या मुद्द्यावर ‘होय’ म्हणता येईल का? गोळी त्यानेच झाडली हे सिद्ध व्हायला हवं, असं न्यायाधीशांनी आधी सांगितलं होतं. या प्रश्नानंतर त्यांनी त्यात ‘किंवा सक्रिय सहभाग घेतला’ अशी भर घातली. सगळं अपील या एका उत्तरावर उभं होतं. न्यायमूर्ती शारोन आणि लबेल यांची कारणं वेगवेगळी आहेत, ती एकत्र करू नका. निष्कर्ष मात्र एकच: दोषसिद्धी कायम.

१९९७ ला स्वतंत्र परिच्छेद द्या. त्या वर्षी व्हँकुव्हरजवळच्या पोर्ट कोक्विटलममधल्या पिक्टनच्या फार्मवरून एक स्त्री गंभीर जखमी अवस्थेत निसटली. पिक्टनवर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप लागला, पण जानेवारी १९९८ मध्ये सरकारी वकिलांनी तो स्थगित केला. त्या रात्री जप्त केलेले त्याचे कपडे आणि रबरी बूट पोलिसांच्या साठ्यात सात वर्षांहून अधिक काळ तपासणीविना पडून होते. २००४ मध्ये तपासले तेव्हा त्यांवर बेपत्ता स्त्रियांपैकी दोघींचा डीएनए सापडला. बाकी काही कापावं लागलं तरी हे कापू नका.

बायका बेपत्ता होत होत्या व्हँकुव्हरच्या डाउनटाऊन ईस्टसाइडमधून, शहर पोलिसांच्या हद्दीतून. फार्म होता आरसीएमपीच्या, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलाच्या, हद्दीत. तपास का रखडला हे समजायला हा हद्दीचा घोळ नकाशावर पाहा. बळींपैकी अनेक जणी कॅनडाच्या आदिवासी समाजातल्या होत्या. ‘वेश्या’ हा शब्द मथळ्यात नको. त्यांची ओळख नावाने करून द्या.

पोलिसांच्या चुकांसाठी वॉली ओप्पल आयोगाचा डिसेंबर २०१२ चा अहवाल वापरा. ओप्पल २००५ ते २००९ ब्रिटिश कोलंबिया या प्रांताचे (व्हँकुव्हर याच प्रांतात आहे) ॲटर्नी जनरल होते. खटला चालला तेव्हा सरकारी वकिलांचं खातं त्यांच्याच हाती होतं, आणि पुढे तेच आयोगाचे प्रमुख झाले म्हणून टीकाही झाली. अहवालाचा हवाला देताना हे एका वाक्यात सांगा.