बांध पेटवू नका, टिटवी अंड्यांवर आहे

मे सरत आला की बांधाबांधावर काडी लागते. हराळी, कुसळ जळून शेत स्वच्छ दिसतं खरं, पण नेमका हाच काळ पाखरांच्या विणीचा. गवताच्या बुडख्यात तितर, चंडोल अंड्यांवर असतात, बाभळीच्या बेचक्यात कोतवाल पक्ष्याचं वाटीसारखं घरटं असतं. ज्या बांधावरून जाळ फिरला, त्याच्या कडेच्या सोयाबीनची श्रावणात अळ्यांनी चाळणी केलेली मी दर वर्षी बघतो. मग दुकानदार दोन औषधं आणि वर एक टॉनिक हातात ठेवतो. ते टॉनिक अळी मारत नाही.

वखर चालू असताना टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, की ट्रॅक्टर थांबवा. ती घरटं विणत नाही. ढेकळांत उथळ खळगी, कडेनं खडे, आत मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला. पायाशी असली तरी दिसत नाहीत. भर उन्हात ती पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. भोवती चार काड्या रोवा, दोन हात जागा सोडून वखर काढा. साधारण चार आठवड्यांत पिल्लं निघतात आणि लगेच चालू लागतात.

टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, नाल्याच्या पात्रात घातली तर पाऊस ओढ देणार, असं जुनी माणसं सांगतात. कावळ्यानं आंब्यावर घरटं केलं तर चांगलं, बाभळीवर केलं तर पाऊस कमी. मीही दर वर्षी बघून ठेवतो, पण पेरणीची पाभर त्यावर काढत नाही. पावशा पक्ष्याचं ‘पेरते व्हा’ तर मेमध्येच सुरू होतं. ती त्याची जोडीदाराला साद. मादी पुढे सातभाईच्या घरट्यात अंडं टाकून मोकळी होते. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच.

पिंगळ्याला, म्हणजे छोट्या घुबडाला, अशुभ म्हणून दगड मारू नका, त्याच्या ढोलीचं जुनं झाड तोडू नका. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे लिंबा-बाभळीवर जमतात, तेव्हा पिंगळा ते टिपतो. तुम्हीही त्याच वेळी फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका.

पेरणीची कामं:
- उगवण चाचणी, किमान ७० टक्के
- बियाणं एकरी २६ ते ३० किलो
- रायझोबियम, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं प्रत्येकी २५० ग्रॅम, १० किलो बियाण्यास
- खोली ३ ते ५ सेंटिमीटर
- औषध लावलेलं सांडलेलं बी लगेच मातीआड. ते खाऊन तितर, होले मरतात

पीक वीतभर झालं की एकरी २० पक्षीथांबे रोवा, पिकाच्या वर दीड-दोन फूट राहतील असे. बांबूची काठी, वर आडवी काडी, एवढं पुरे. विकत घेऊ नका. कोतवाल त्यावर बसून पतंग आणि अळ्या टिपतो. दर आठवड्याला अळ्या मोजा. सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. फुलोऱ्याआधी ओळीच्या एका मीटरला ३ ते ४ लहान अळ्या दिसल्या, तरच रासायनिक औषधाचा विचार करा.

यंदा बांध आधीच जळाला असेल, तर माझ्या अंदाजानं थांबे दुप्पट लावा आणि अळ्या आठवड्यातून दोनदा मोजा.